फॉर्म बावीस

माझं टेबल आरटीओच्या भिंतीबाहेर, कडुनिंबाखाली,
एका पायाला विटेचा तुकडा.
एकोणतीस वर्षं मी लोकांच्या गाड्या
कागदावर चालवतो आहे, धुळ्यात.
स्वतः सायकलवर येतो, ते सोडा.

लोटन भिला लोहार, राहणार दोंडाईचा,
गाडी घेऊन आला ती टेम्पोवर चढवून.
नंबर नाही तर रस्त्यावर घालायची नाही,
एवढा कायदा त्याला ठाऊक.
टेम्पो मिरचीचा. दोरखंड सोडले
आणि अख्खी रांग शिंकली.

उतरली ती बुटकी, दोन माणसांपुरती,
पुढून पारडासारखी भाबडी.
सांगाडा त्याने घरी जोडलेला, चौकोनी पाइपांचा.
फायबरचं अंग इंदूरहून खोक्यांतून आलं,
सोबतचं इंग्रजी पुस्तक अर्धं पोराने वाचून दाखवलं,
उरलेलं लोटनने अंदाजाने.
इंजिन मालेगावच्या भंगारातल्या ओम्नीचं.
खुर्च्या बंद पडलेल्या टॉकीजच्या,
पाठीवर अजून आकडे: ब १४, ब १५.

फॉर्म वीस काढला. नाव, बापाचं नाव, पत्ता,
इथवर पेन पळालं.
उत्पादकाचं नाव.
हा रकाना मी कधी विचारून भरला नव्हता.
न पाहिलेल्या कंपन्यांची नावं
झोपेतही लिहीन मी.
"काय लिहू?"
"मन्हं नाव लिख ना भाऊ."

एकवीस. विकली कुणी?
"कोन्ही नही. इकनारा बी मीच, लेनारा बी मीच."
किंमत?
तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
चार वर्षं, अंगठ्याचं एक नख,
आणि बायको जे जे बोलली ते धरायचं का?

बावीस.
हे वाहन रस्त्यावर चालण्यास योग्य आहे,
असं बनवणाऱ्याने लिहून द्यायचं.
ती सही छापूनच येते. होताना पाहिली नव्हती.
लोटनने हात पँटीला पुसला,
सातबाऱ्यावर करावी तशी सावकाश केली,
शेवटच्या न ची दांडी पार रकान्याबाहेर ओढत.
शिक्का? म्हणे, वेल्डिंग चालेल का.

शिरसाठ मॅडम, नंदुरबारहून नुकत्याच बदलून आलेल्या,
कागदाची पट्टी आणि शिसपेन्सिल घेऊन बाहेर आल्या.
पट्टी चासीवर ठेवायची, पेन्सिल घासायची,
आकडे आपोआप उगवतात.
"नंबर कुठंय?"
लोटनने खुर्ची दाखवली. ब चौदा.
मॅडम हसल्या नाहीत.
गुडघ्यावर बसल्या, पुढच्या उजव्या सांध्यावर
कागद दाबला, आणि तरीही घासली पेन्सिल.
का, ते त्यांनाच माहीत.

आकडा आला नाही.
आली वेल्डिंगची शिवण,
माशाचे खवले एकावर एक चढलेले,
आणि एका जागी वाकडी उडी.
"तठे लाइट चालनी गयी," लोटन म्हणाला.

फाइल पुण्याला जाईल, मॅडम म्हणाल्या, तिथून दिल्लीला.
किंवा इथेच राहील.
हे शेवटचं मला म्हणाल्या, त्याला नाही.
गाडी परत टेम्पोवर चढली.

ऐकतो, रात्री ट्रक निघून गेले की
बाजार समितीच्या आवारात तो ती फिरवतो,
वजनकाट्यापासून गेटपर्यंत.
गेटच्या आत.
बायको ब पंधरावर.

पट्टी फाइलला टाचायची होती. मी टाचली नाही.
टेबलाच्या काचेखाली आहे.
काल काढून पाहिली, अंगठ्याला शिसं लागलं,
त्याच अंगठ्याने धरला
एका नव्या कोऱ्या स्कूटरचा फॉर्म.
नेमका उत्पादकाच्या रकान्यावर करडा डाग.
खोडरबर शोधलं.
मग राहू दिलं.