सोमवारचा व्हॉल्व्ह

सप्टेंबर होता. अख्ख्या नीश शहराला
भाजत्या मिरच्यांचा वास चिकटलेला,
आणि ती बाई दुकानात शिरली तीही
बाजाराची पिशवी घेऊनच.
मिरच्यांच्या खालून तिनं
टॉवेलात गुंडाळलेला अँप्लिफायर काढला.
विकायचा असणार. मनातल्या मनात
मी किंमत पाडायलाही लागलो.

"हेडफोन दाखवा," ती म्हणाली. "चांगले.
याला आउटपुट ट्रान्सफॉर्मर नाही, तेव्हा
बत्तीस ओहमवाले काढूच नका."

बारा वर्षं हे वाक्य
मी गिऱ्हाइकांना ऐकवत आलोय.
गिऱ्हाइकानं मला ऐकवलेलं पहिल्यांदाच.

तरी काढलेच. सवय.
काचेच्या कपाटातले, अक्रोडी वाट्यांचे,
ज्यांच्या किमतीत एक बरी जुनी गाडी येते.
"थांबा की. आधी तापू दे त्याला."

मग वीस मिनिटं
चार काचांच्या पोटात उजेड
केशरी होत जाताना बघत बसलो आम्ही.
मी कॉफी उकळली. तिला बिनसाखरेची.
चष्मा पुसता पुसता म्हणाली, ल्युबिन्का.
कारखाना, तिसरं दालन, एकोणीस वर्षं.
केसाहून बारीक तार, भिंगाखाली,
दोन कण्यांभोवती, वेढे मोजून.
शिंक आली तर उठून बाहेर जायचं.
शेवटची सहा वर्षं तपासणीस.

"आणि ऐकायचात कशावर?"
"ऐकायचं? मीटर असायचा.
काटा हिरव्यात गेला की पुढच्या टेबलावर."

हे यंत्र इंजिनिअर तिहोमिरनं जुळवलेलं.
तो गेल्या थंडीत गेला.
मुलगी आणून देऊन गेली, वर चिठ्ठी:
व्हॉल्व्ह तुमच्या दालनातले आहेत.
बास, एवढंच.

अक्रोडवाले तिनं कानाला लावले आणि विचारलं,
"फ्रीज चालू आहे का कुठे?"
नव्हता. ओहम कमी, म्हणून
यंत्राची गुणगुण उघडी पडलेली.
मी मुकाट्यानं ते पेटीत ठेवले.

दुसरे जाळीदार, जड, अगदी स्वच्छ.
मान इकडेतिकडे वळवून बघितली तिनं.
"हे ऐकवत नाहीत हो, तपासतात.
सहा वर्षं मीच ते केलंय.
घरात आणखी एक तपासणीस कशाला?"

तिसरे सहाशे ओहमचे. हलके, कापडी गाद्यांचे,
डाव्या वाटीवर ओरखडा
म्हणून दुकानात वापरायला ठेवलेले.
मी चेलोची तबकडी लावली.
गज टेकायच्या आधी वाजवणारा
नाकानं श्वास घेतो, तिथंच
तिचा तळहात टेबलावर आडवा झाला,
वाऱ्यानं कागद उडू नये म्हणून ठेवतात तसा.

बराच वेळ काही नाही. मग: "बंद करा ते."
चेलो थांबला. हेडफोन कानावरच.
माझी पेन्सिल उचलून तिनं
खोडरबराच्या टोकानं पहिल्या व्हॉल्व्हला टिचकी दिली.
दुसऱ्याला. तिसऱ्याला.
तिसऱ्याशी थबकली. पुन्हा मारली.
हेडफोन काढून माझ्या कानांवर चढवले आणि
टिंग,
एक बारीक घंटा, विझता विझेना.

"ग्रिड सैल आहे. सोमवारचा असणार."
"सोमवारचा?"
"सोमवारी सगळ्याच जणी जरा सैल असायचो.
रविवारी कुणाचं ना कुणाचं लग्न असायचं."

बदलून देतो म्हटलं, माझ्याकडे होता.
"असू दे," ती म्हणाली.
"कुणाचं लग्न होतं, आठवतंय का बघते."

ओरखड्याचे पैसे तिनं चोख कापून घेतले.
उरलेले चार हप्त्यांत. पहिल्या हप्त्याच्या
दिनारांना मिरच्यांचा वास होता,
दोन दिवस गल्ला उघडला की यायचा.

त्या रात्री दुकान बंद केल्यावर
घरच्या अँप्लिफायरच्या व्हॉल्व्हवर
मीही पेन्सिल आपटून बघितली,
एकेकावर, हेडफोन लावून, वेड्यासारखी.
सगळे वाजले.
वार मात्र एकाचाही कळला नाही.