मिनिटाला एकशे साठ शब्द

मँचेस्टरच्या कचेरीत, चौथ्या मजल्यावर,
न्हाणीघराएवढ्या काचेच्या खोलीत बसून
मी बोलते.
लंडनच्या सभागृहात जो जे बोलेल तेच,
त्याच्यामागून एका श्वासाच्या अंतराने,
सपाट, यंत्राला कळेल अशा आवाजात:
माननीय सदस्य स्वल्पविराम
हे युद्ध आम्हाला नको होतं पूर्णविराम
आणि घरोघरी पडद्याच्या तळाशी अक्षरं उगवतात,
ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी.

नियम एकच. मिनिटाला एकशे साठ शब्द.
मंत्री दोनशेनं बोलतात,
विरोधक चिडले की सव्वादोनशेनं.
मग गाळायचं.
काय गाळायचं ते कुणी शिकवत नाही, जीभ आपोआप शिकते.
सुपात पाखडावं तसं, हलकं ते आधी उडतं:
बहुधा. आमच्या समजुतीप्रमाणे. असं सांगण्यात येतं.
खाली राहतं ते जड.
शस्त्रं. आहेत. आता.

आपल्याकडे या सगळ्याला मिळून एक शब्द आहे, म्हणे.
गोडबोल्यांची सून माहेरी गेली, म्हणे.
एवढ्यात कबुली देऊन होते की
मी काही पाहिलेलं नाही बाई.
इंग्रजीत त्याला चार-पाच शब्द लागतात
आणि चार-पाच शब्दांना माझ्याकडे जागा नव्हती.

मतदान झालं रात्री दहाला.
आकडे मी सावकाश, स्पष्ट उच्चारले.
आकडे गाळायचे नसतात.

नवव्या दिवशी ॲक्रिंग्टनहून पत्र आलं. निळी शाई.
ईनिड पिलिंग, वय एकाहत्तर,
एकतीस वर्षं मागावर. कान तिथेच राहिले.
(तो आवाज मला ठाऊक आहे. मी इचलकरंजीची.
आमच्या गल्लीत लोक पंगतीतसुद्धा
ओरडून मीठ मागत.)

'गिरणीत आम्ही ओठ वाचायचो.
चार रांगा पलीकडची बाई नवऱ्याला काय म्हणते
तेही कळायचं, आणि पुष्कळदा ते बरोबरच असायचं.
मंगळवारी मंत्र्यांचे ओठ म्हणाले, आम्हाला वाटतं, आहेत.
तुमची अक्षरं म्हणाली, आहेत.
माझी चूक असू शकते.
ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात.
शिवाय त्यांनी मध्येच पाणी प्यायलं.
टेप पुन्हा ऐकून कळवाल का?'

माझी चूक असू शकते.
महिनाभर मी दिवसाला आठ तास बोलत होते,
हे वाक्य माझ्या तोंडून एकदाही गेलं नव्हतं.

टेप ऐकली.
'आम्हाला वाटतं.' मग पेल्याचा आवाज. मग साडेतीन सेकंद काही नाही.
मग 'आहेत.'
टाळ्यांना आमच्या यादीत खूण आहे, हशाला आहे,
थांबण्याला नाही.

गॅरेथ, माझा वरिष्ठ, भला माणूस,
त्यानं टेबलावर वर्तमानपत्रं पसरली. 'हे बघ, सगळ्यांनी तेच छापलंय.'
खरंच छापलं होतं. बोटभर उंचीच्या टायपात.
त्यांनी आमच्या अक्षरांवरून छापलं,
की मी त्यांच्या मथळ्यांवरून पाखडत होते,
कोण सांगणार आता.

छापील उत्तर गेलं:
वेगामुळे संक्षेप करावा लागतो. आशय कायम राहतो.
खाली सही माझी.
तोवर विमानं कधीच निघाली होती,
आणि धुळीच्या त्या शहरातल्या माणसांबद्दल
मी 'मेली' म्हणत होते. 'मारली' म्हटलं
तर कर्ता लागतो.

ईनिड पिलिंगचं पुन्हा पत्र आलं नाही.

आता घरी टीव्हीचा आवाज बंद ठेवून
मी ओठ बघत बसते. काही कळत नाही.
मिटतात तेवढं दिसतं.
परवा रात्री दात घासताना आरशात करून पाहिलं.
बॉम्ब: ओठ मिटतात, उघडतात, पुन्हा मिटतात. संपलं.
म्हणे: एकदाच मिटतात
आणि मग तोंड उघडंच राहतं,
कुणी काही विचारेल म्हणून.