पान चौदा-पंधरा

पुस्तक बत्तीस पानांचं.
सोळाच्या पटीत परवडतं, छापखाना म्हणतो,
तेवढ्यात युद्ध बसवायचं.
वयोगट सहा ते नऊ. रक्त नको.
शेवट, जमलं तर, उजेडाचा.

दर गुरुवारी कळव्याचा पूल ओलांडून
मी खारेगावात जाते, जोमा मढवींकडे.
एकाहत्तरच्या डिसेंबरात ते पलटणीचे लांगरी होते.
बंदूक होती, पण पिठाच्या पोत्याला टेकवलेली.
"तशीच काढ," म्हणतात. "खोटं नको."

पहिलंच रेखाटन त्यांनी परत केलं.
चुलीतून धूर निघत होता;
मी तो मन लावून काढला होता, ओल्या कागदावर ओला रंग.
"धूर दिसला का तोफ येते, बाय.
चूल खड्ड्यान. वर ओली गोनपाटं.
सगला धूर आमच्या डोल्यांत."
मी धूर पुसला
आणि त्यांचे डोळे लाल केले.
संपादकांनी विचारलं, हा माणूस रडतोय का?

शेतं मी परकी काढली होती.
"आपल्यासारकीच व्हती,"
म्हणत त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं.
तिथे आता एकवीस मजले, खाली जिम.
"कापलेला भात, टोचनारी धसकटं, धुकं.
पयल्या रातीला मना वाटलं, घरीच आलो."
मग मी जुनं खारेगाव रंगवलं, ते सांगतील तसं,
फक्त पारसिकचा डोंगर वगळून.
तिकडे डोंगर नव्हता.

पोळी ते फौजेत शिकले.
घरी तांदळाची भाकरी, हातावर थापलेली.
त्या रात्री लाटणं सापडेना, तर रमच्या बाटलीनं लाटल्या.
पुढे गेलेली माणसं सव्वीस.
माणशी पाच.
परत आले सतरा.

चौदा-पंधरा या जोडपानावर मी
उरलेल्या पोळ्यांची चळत काढली,
फडक्यात गुंडाळलेली, आजूबाजूला कुणी नाही.
मला वाटलं, हे पान जमलं.
चष्मा काढून, पुन्हा लावून ते म्हणाले,
"मंग? त्यांचं काय झालं?"
"कोणाचं?"
"रोट्यांचं."

मला सुचेना.

"सुभेदार बोलला, टाकायच्या नाय.
सकाली आमीच खाल्ल्या, चायबरोबर."
थोड्या वेळानं,
"भूक लागलेली. बऱ्या लागल्या."
आत फशीबायनं नळ बंद केला.
हे तिनं कधी ऐकलं नसावं.
की ऐकलं होतं, कोण जाणे.

बऱ्या लागल्या, हे कसं काढायचं?
मी चेहरे काढले. मान खाली घातलेले,
दूर बघणारे, घास अडकलेले.
सगळे खोटे. प्रत्येकाला माहीत होतं
की आपलं चित्र चाललंय.
संपादक फोनवर म्हणाल्या, हे पान मोठ्यांचं आहे.
असेलही.

गेल्या गुरुवारी त्यांची नात धन्वी, इयत्ता दुसरी,
गुडघ्यांवर रेलून कागद बघत होती.
"नुसत्याच खाल्ल्या? लोणचं नव्हतं?"
"व्हतं ना! डब्यातलं. आंब्याचं. खारट लय."
"मग हिनं दाखवलंच नाय."

घरी येऊन पिवळ्यात चिमूटभर तांबडा कालवला.
अख्ख्या पुस्तकात हा रंग कुठेच नाही;
सगळीकडे खाकी, धुकं, पीठ.
पत्र्याच्या ताटलीत एकच फोड टाकली.
तेल पोळीच्या कडेला लागलं
आणि कागदानं ते ओढून घेतलं,
मी ठरवलं होतं त्याहून पुढे.

चेहरे काढले नाहीत.
बोटं काढली, तेलकट,
एक अंगठा चाटून झालेला.

पान पंख्याखाली वाळतंय.
संपादकांना अजून पाठवलेलं नाही.