कूच

जर्दकूहच्या खिंडीखाली, एप्रिल संपताना,
गोलअंदाम मेंढ्यांसाठी मीठ फोडत होती.
पाट्याएवढा गुलाबी खडा.
मी म्हणालो, हा दर्या आहे, वाळलेला.
ती म्हणाली, तरीच चाटून झालं की पाणी मागतात.

दर्या तिचा शब्द, माझाही.
जमीन, मुक्काम, मजल, कूच,
आणि डोंगराच्या नावातला जर्द,
तो तर आमच्या पिवळ्याजर्दमध्ये कधीचा राहतोय.
निम्मं बोलणं असं जमलं,
उरलेलं तिचा थोरला, खुदाकरम, सांधून देई.

कातळात आमचा पितळी खिळा आहे, नाण्याएवढा.
अकरा वर्षांत तो उत्तरेला सरकला
वीतभराला थोडा कमी.
म्हणजे डोंगरच सरकला, मी म्हणालो.
कोण हाकतंय त्याला?

तिच्याच गालिच्यावर हात टेकून दाखवलं:
तिकडे तांबडा समुद्र शिवणीवर उसवतोय,
अरबस्तान रेटतंय इकडे,
मधला दर्या मिटला,
आणि कापडाला जागा पुरत नाही.
गालिचा तंबूच्या खांबाशी गोळा झाला.
वली पर्वत, दोन गुणांचा प्रश्न.
वळीच्या माथ्यावर मे महिन्यातही बर्फ असतं,
आणि त्या बर्फाखाली शिंपले,
हे उत्तरात लिहायचं नव्हतं.

तिनं गालिचा आधी सरळ केला.
मग म्हणाली, माझा भाऊ मेहराब
चालून कंटाळला, कूच सोडलं,
खाली गावात दगडी घर बांधलं.
त्या रात्री आम्ही काळ्या राहुटीत.
डोक्यावर शेळीचे केस फक्त.
केस अंगावर पडून कोणी मरत नाही.
थोडं थांबून,
डोंगराला त्या रात्री मजल गाठायची होती.

खुदाकरमनं हे वाक्य सांधलं नाही.
मला कळलं होतं.

पण एरवी इतका हळू का,
असं तिनंच विचारलं, आणि तिनंच सांगितलं:
कळपात गाभण मेंढी असली
की आम्हीही असेच चालतो.

पहाटे राहुटी उतरली, खांब खेचरांवर चढले.
धूळ खिंडीत गेली, घंटा गेल्या, मग कुत्री.
मी यंत्र घेऊन खिळ्यापाशी आलो.
रात्री त्यावर मिठाचा चुरा सांडला असावा.
मेंढ्यांनी तो चाटून
लख्ख करून ठेवला होता.