पोर्ट लुईचा गठ्ठा

भद्रावती पेठेत टॉवेलच्या कडा शिवत
राजमणी गुर्रम विचारते, समुद्र केवढा असतो?
मुकादम म्हणतो, हिप्परग्याचा तलाव धर,
पलीकडचा काठ पुसून टाक.

त्या बेटावर म्हणे ऊसच ऊस,
घरात एक बोली, बाजारात दुसरी,
कोर्टात तिसरी.
ती दातांनी दोरा तोडते.
आईशी तेलुगू, शिवम्माशी कन्नड,
बॉबिन भरणाऱ्या मेहबूबशी हिंदी,
रेशनच्या रांगेत मराठी.
म्हणजे बेटच की हे,
भोवती पाणी तेवढं नाही.
नळ येतो पाचव्या दिवशी.

तिकडे कुणी पाहुणा समुद्रातून निथळत येईल,
तिच्या टाक्यांनी अंग पुसेल.

घडीत तिचा एक लांब केस राहिलाय.
तपासणीत सापडला नाही
तर समुद्र बघून येईल.