हलकी दुर्बीण

दोन दुर्बिणी घेऊन श्रीरंग आला डिसेंबरात,
कॅल्गरीहून, लोकरी मोज्यांत गुंडाळून.
पुढच्या मोसमात त्याला एल्क मारायचाय,
तिथे परवाना मिळतो, रीतसर, पावतीसकट.
"एक ठेवीन, एक परत करीन.
काका, तुम्ही सांगा कोणती."
आबांना मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत दूध.
तरी म्हणाले, चल छतावर.

किलागेटला आमचं छत असं
की मानमंदिराची भिंत समोर उभीच असते,
निळ्या फरश्या, त्यांत पिवळ्या बदकांची रांग,
पाचशे वर्षं चालतायत, पोचत नाहीत कुठे.
आबा तरुणपणी प्रत्येक काच त्यांच्यावर पारखायचे.
डावीकडून सातवं. त्याची चोच उडालेली.
चोच नाही, हे जिच्यातून दिसतं
ती काच खरी.

मी तिपाईचे पाय विटांनी दाबले.
श्रीरंगनं मोठी लावली, पंच्याऐंशी मिलिमीटरची,
आणि चक्र फिरवत थेट साठपटीवर गेला.
"हलतंय सगळं, काका. उकळतंय."
"उकळणारच. मधल्या वस्तीतल्या चुली बघतोयस तू,
पत्र्यांवरचं ऊन बघतोयस. तीसवर ये.
मोठं दिसणं आणि नीट दिसणं हे सख्खे भाऊ,
पण एका घरात नांदत नाहीत."

चष्मा काढू नकोस, घालून बघ.
कडा काळ्या दिसतात? मग डोळा मागे घे. अजून मागे.
वजन किती? दोन किलो? आणि तिपाई?
पाठीवर घे, तीन जिने चढ-उतर, मग बोल.
तो खरंच चढला-उतरला.
शेजारच्या कुशवाहांची सून
वाळत घातलेल्या मिरच्यांआडून हसत होती.

ऊन कलल्यावर आबा सावरून बसले.
"जनावर याच वेळी बाहेर येतं.
दिसेल ते सांगत राहा."
लहान काचेत आधी निळं गेलं,
मग पिवळ्याची राख झाली,
मग सातव्याची मान भिंतीत विरघळली.
"संपलं," श्रीरंग म्हणाला.
मोठीत मात्र रांग अजून चालत होती,
एकेक पंख, आणि ती नसलेली चोच,
आणखी पूर्ण अकरा मिनिटं.
मी घड्याळ धरलं होतं.
त्याचा चेहरा उजळला. "मग हीच ना?"

आबांनी गजकचा तुकडा मोडला, खाल्ला नाही.
"हलकी घे."
"पण काका, ती अकरा मिनिटं..."
"त्या अकरा मिनिटांचंच सांगतोय."

अडुसष्ट साल. घाटीगावच्या पुढचा नाला.
जर्मन दुर्बीण, कुणाकडून तरी उसनी आणलेली,
अंधारातही शिंगं दाखवणारी.
दाखवली की तिनं. मागच्या खैराच्या फांद्याही
शिंगांत धरून मोजल्या मी.
सांबर म्हटलं. वारा उलटा होता,
गळ्यातली घंटा ऐकू आली ती नंतर.
हरबिलास गुर्जरची म्हैस. नऊ हप्ते.
दर महिन्याला पैसे द्यायला जायचो.
तो बसवून चहा द्यायचा.
त्यात दूध नसायचं.

गोष्ट आमच्या घरात जुनीच,
लग्नाकार्यात पंगतीला हसायला काढायची.
चहात दूध नसायचं, हे मात्र
कुणी कधी सांगितलं नव्हतं.

श्रीरंग मोठी दुर्बीण परत मोज्यात भरू लागला,
मुकाट्यानं, जरा नाराज.
खाली गल्लीत दिवे लागले.
आबा भिंतीकडे तोंड करून बसून राहिले,
जिथे आता आम्हा तिघांनाही
सारखंच काही दिसत नव्हतं.

"चांदणी," म्हणाले.
मी आभाळात पाहिलं.
"वर नाही गं. म्हशीचं नाव."