रायबंदर–चोडण

तीन जाळ्यांचा वेग मोजायचं काम आहे माझं.
क, ख, ग. खरी नावं करारात झाकलेली.
कोण सेकंदाला किती व्यवहार गिळतं,
किती ओकून टाकतं,
आणि लिहिलेलं नेमकं कधी पक्कं होतं,
म्हणजे लिहिणाऱ्यालाही फिरवता येणार नाही इतकं.

चोडणला भाड्याची खोली, खाजनावर उघडणारी खिडकी.
वीज गेली की चाचणी पहिल्यापासून.

'क' सगळ्यांत जलद. सेकंदाला तीन हजार.
कोमुनिदादीच्या कचेरीत एका दाखल्यासाठी
सहावी खेप घालत होते, तेव्हा मिंगेलबाबांना
सहज हा आकडा सांगितला.
त्यांनी टाक पुसला, चष्मा कपाळावर चढवला,
"सेकंदाक तीन हजार? इतले लोक आसात खंय गो?"

हसले मी. फेरीधक्क्यापर्यंत हसत आले.
मग आठवलं, ते तीन हजारही माझेच.
या खिशातून त्या खिशात
एकच खोटं नाणं रात्रभर पळवत होते,
घेणारी मी, देणारी मी,
आणि जगभरचे साक्षीदार
डोळ्यांत तेल घालून त्याची नोंद ठेवत होते.

गुरुवारी पहाटे पावणेतीनला 'क' थांबलं.
साक्षीदारांचं आपसात जुळेना.
पाच तास. आलेख मेलेल्या माणसाच्या नाडीसारखा.

'ख'ची गोष्ट वेगळी. ते लगेच म्हणतं, झालं.
मग दोन पानं मागे जाऊन म्हणतं,
नव्हतं झालं.
फेरीत असे पुष्कळ असतात.
मांडवीच्या मध्यावरच स्कूटर सुरू करतात,
धक्का दिसला म्हणजे आलाच, असं धरून.
खलाशी गुणाजी हात आडवा घालतो: मात्शें राव.
लोखंडी फळी सिमेंटावर आपटते,
त्या आवाजाआधी
कोणीच पोचलेलं नसतं.

हा आवाज तक्त्यात कुठल्या रकान्यात लिहू?

'ग'बद्दल फार सांगण्यासारखं नाही.
दर दहा मिनिटांनी एक पान. गर्दी झाली तर थांबा,
नाहीतर जास्त पैसे मोजा आणि पुढे घुसा.
कंपनीला त्याचं नाव शेवटी हवंय.
ठेवलंय शेवटी. आकडे तेच सांगतात.

काल रात्री पणजीहून परतताना
शेवटच्या फेरीत मी एकटी.
एक स्कूटर, एक हेल्मेट, बाकी सगळं लोखंड रिकामं.
म्हटलं, गुणाजी, माझ्या एकटीसाठी कशाला सोडलीत?
तो दोर गुंडाळत होता.
म्हणाला, तू नसतीस तरी सुटली असती.
पलीकडे कोण उभं असेल, हांगासून दिसत नाही.

पलीकडे कोणीच नव्हतं.
एक कुत्रं फळीवरून आत आलं,
वास घेतला, परत गेलं.

अहवाल सोमवारी द्यायचाय.
दाखला अजून मिळालेला नाही.
मिंगेलबाबा म्हणतात, एक सही राहिली आहे,
तो भागधारक दुबईला असतो, मेच्या सुट्टीत येईल.